चेंडू सुटण्याआधीचे दोन सेकंद

या वेळी सॉफ्टबॉलवरची पत्रं इतकी आली की बाकीच्या खेळांना पुढच्या अंकापर्यंत थांबावं लागणार. बहुतेक पत्रं एकाच जागी अडलेली आहेत: पिचर चेंडू टाकायला मोकळी कधी होते आणि बॅटरने तोवर काय काय उरकलेलं असलं पाहिजे. मी बरीच वर्षं कॅचरच्या पाठीमागे वाकून अंपायरिंग केलं आहे, त्यामुळे ही भांडणं मला पाठ आहेत. खाली वेगळं काही म्हटलेलं नसेल तिथे फास्ट पिच सॉफ्टबॉल आणि वर्ल्ड बेसबॉल सॉफ्टबॉल कॉन्फेडरेशनचे नियम धरले आहेत. तुमची स्पर्धा दुसऱ्या नियमपुस्तकावर चालत असेल, तर भांडायला जाण्याआधी ते पुस्तक उघडा. खेळ नवा असलेल्यांसाठी एवढंच: पिचर चेंडू टाकते, बॅटर तो मारते, कॅचर बॅटरच्या मागे तो झेलते. पिचर पाय ठेवते ती पट्टी म्हणजे पिचिंग प्लेट, बॅटरशेजारची ती होम प्लेट, आणि बॅटर उभी राहते ती आखलेली चौकट म्हणजे बॉक्स. स्ट्राइक बॅटरच्या विरुद्ध मोजतात, तिसऱ्याला ती आउट; 'बॉल' तिच्या बाजूने मोजतात. चेंडू 'डेड' म्हणजे खेळ तिथे थांबला.

प्रश्न : ताई, मी शाळेच्या संघातून खेळते. परवाच्या सामन्यात मी बॉक्समध्ये उजवा पाय रोवला होता आणि डाव्या पायाने माती सारखी करत होते. मान खाली होती. तेवढ्यात पिचरने चेंडू टाकला आणि अंपायरने स्ट्राइक दिला. मी म्हटलं, मी तयारच नव्हते. ते म्हणाले, "मग तयार राहायचं." हा काय नियम झाला?

तू न लिहिलेल्या तीन गोष्टींवर याचं उत्तर अवलंबून आहे. तुझी मान खाली होती म्हणतेस, तेव्हा त्या तुला दिसल्याही नसतील. अंपायरचा हात वर होता का? पिचरने दोन्ही हात एकत्र आणून थांबा घेतला का? आणि तू बॉक्सपाशी येऊन किती वेळ झाला होता?

हातापासून सुरू करू. बॅटर पाय रोवत असते तेव्हा होम प्लेटमागचा अंपायर पुष्कळदा उजवा हात वर करून तळवा पिचरकडे धरतो. "अजून टाकू नकोस" एवढाच त्याचा अर्थ. तो हात वर असताना चेंडू आला तर नो पिच. मग तो मधोमध आलेला असो, नाहीतर कॅचरच्या डोक्यावरून गेलेला असो. तो मोजायचाच नाही. तुझ्या वेळी हात वर असता तर स्ट्राइक मिळाला नसता. म्हणजे एक तर अंपायरने हात वर केलाच नव्हता, किंवा तू खाली बघत असताना तो खाली आला होता.

आता पिचर. तिने पिचिंग प्लेटवर पाय ठेवायचा तो हात वेगळे ठेवून. चेंडू ग्लव्हमध्ये असेल किंवा टाकायच्या हातात, पण दोन्ही हात एकत्र नकोत. त्या स्थितीत कॅचरकडून सिग्नल घ्यायचा, निदान घेतल्यासारखं दिसलं पाहिजे. मग दोन्ही हात शरीरासमोर एकत्र आणायचे आणि पूर्ण थांबायचं. कमीत कमी २ सेकंद, जास्तीत जास्त ५. त्यानंतर एक हात चेंडूवरून सुटला किंवा वाइंडअपची, म्हणजे टाकण्यासाठी हात फिरवण्याची, कुठलीही हालचाल सुरू झाली की पिच, म्हणजे चेंडू टाकणं, सुरू झाली, आता परत फिरणं नाही. अमेरिकेतल्या काही पुस्तकांत तो थांबा एका सेकंदाचाही पुरतो, पण थांबा मात्र सगळीकडे आहे.

हा थांबा कोणाच्या सोयीसाठी आहे, याचा खेळाडू फारसा विचार करत नाहीत. पिचरला दम घेता यावा म्हणून तो ठेवला आहे, असं कित्येक कोचही सांगतात. माझ्या मते तो बॅटरच्या हक्काचा वेळ आहे. महिलांच्या सामन्यात पिचिंग प्लेट होम प्लेटपासून ४३ फुटांवर असते. पिचर पाय लांब टाकून चेंडू सोडते, तेव्हा प्रत्यक्षात तो ३७-३८ फुटांवरूनच निघतो. ताशी १०० किलोमीटरने आलेला चेंडू तेवढं अंतर सुमारे ०.४ सेकंदात कापतो. एवढ्यात मान वर करून चेंडू शोधणं कोणालाच शक्य नाही. म्हणून नियम सांगतो की चेंडू आधी एका ठिकाणी स्थिर दिसू दे, मग काय ते कर. ते दोन सेकंद तुझ्यासाठी होते आणि तू ते मातीत घालवलेस.

तरीही तुझी बाजू खरी असण्याची एक शक्यता उरते. पिचरने चेंडू परत मिळताच प्लेटवर पाय ठेवला आणि तू पवित्रा घेण्याआधी, तुला बेसावध गाठायला, घाईने टाकून दिला, तर ती क्विक पिच. आधीच्या चेंडूवर बॅट फिरवून तोल गेलेला असताना टाकलेलीही त्यातच धरतात. क्विक पिचला स्ट्राइक मिळत नाही. अंपायरने तिथल्या तिथे "नो पिच" ओरडायचं, चेंडू डेड, त्यावर पुढे काहीही झालं तरी ते रद्द. पण हा बॅटरने मागून घ्यायचा हक्क नाही. पिचरने घाई केली का, हे अंपायर ठरवतो. "मी तयार नव्हते" एवढं म्हणून तो ठरवणार नाही. तुला तयार व्हायला पुरेसा वेळ होता का, हे तो बघतो. होता, आणि पिचरने हात वेगळे, सिग्नल, हात एकत्र, थांबा हे सगळं क्रमाने केलं, तर तुझी मान कुठेही असो, पिच कायदेशीर आणि स्ट्राइक योग्य.

तुझ्या पत्रावरून मला वाटतं, तुझ्या वेळी पिच कायदेशीरच असावी. अंपायरने जरा गोड शब्दांत सांगायला हरकत नव्हती, पण निकाल बदलला नसता.

पुढच्या वेळी माती सारखी करायची असेल तर ती बॉक्समध्ये शिरताक्षणी कर, आणि ते करताना एक तळहात अंपायरकडे धर. बहुतेक अंपायर तेवढ्यावर पिचरला थांबवतात. पाय रोवून झाले की हात खाली, बॅट वर आणि नजर थेट चेंडू असलेल्या हाताकडे. पिचरच्या चेहऱ्याकडे बघत बसू नकोस, तिथे काही मिळत नाही.

प्रश्न : मी क्रीडाशिक्षिका आहे. बॅटरला बॉक्समध्ये यायला १० सेकंद असतात, असं आमच्या स्पर्धेच्या पत्रकात लिहिलं आहे. हे मोजतं कोण आणि कधीपासून? आमच्या एका मुलीला तर चेंडू न टाकताच स्ट्राइक दिला गेला. हे कसं काय?

देता येतो, आणि तो वाटतो तितका विचित्र नाही.

१० सेकंद मोजायचे ते अंपायरने "प्ले बॉल" म्हटल्यापासून किंवा बॅटरला बॉक्समध्ये जायला सांगितल्यापासून. आधीचा चेंडू कॅचरच्या हातात गेल्यापासून नव्हे. हा गैरसमज पुष्कळांचा असतो. मोजायचे होम प्लेटमागच्या अंपायरने. तेवढ्यात दोन्ही पाय बॉक्समध्ये आले नाहीत तर चेंडू डेड आणि एक स्ट्राइक. त्यासाठी पिचरने चेंडू टाकण्याची गरज नाही. तो तिसरा स्ट्राइक असेल तर बॅटर आउट, आणि चेंडू डेड असल्याने कॅचरच्या हातून सुटला म्हणून पहिल्या बेसकडे पळण्याचाही प्रश्न नाही.

प्रत्यक्षात चांगला अंपायर दहाव्या सेकंदाला शिकाऱ्यासारखा टपून बसत नाही. सहा-सात झाले की तो "बॅटर!" म्हणून हाक मारतो. मी तरी मारायचे. हाकेनंतरही एखादी खेळाडू ग्लव्ह्जचे वेल्क्रो उघडून पुन्हा लावत बसली, तर मग स्ट्राइक द्यायला माझं मन कचरत नसे.

मुलींचा वेळ नेमका कुठे जातो, तेही सांगते, कारण तुम्ही शिकवता. नव्वद टक्के उशीर तिसऱ्या बेसजवळच्या कोचच्या खुणांमुळे होतो. कोच नाकाला हात लावतात, कानाला लावतात, पट्टा चोळतात, पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात, आणि बॅटर बॉक्सबाहेर उभी राहून ते वाचत असते. तिला शिकवा की खुणा वाचताना एक पाय बॉक्समध्येच राहू दे. अमेरिकेतल्या शालेय आणि यूएसए सॉफ्टबॉलच्या पुस्तकांत तर दोन पिचच्या मध्ये निदान एक पाय बॉक्समध्ये ठेवायचा, असा स्वतंत्र नियमच आहे. बॅट फिरवली, चेंडू फाउल (रेषेबाहेर) गेला, अंगावर आलेल्या चेंडूने मागे सरकावं लागलं, कॅचरच्या हातून चेंडू सुटला, कुठे आउट करण्याचा प्रयत्न झाला, कोणी "टाइम" घेतला किंवा पिचर पिचिंग प्लेटभोवतीचं वर्तुळ सोडून बाहेर गेली, अशा वेळी बाहेर यायला मोकळीक असते. एरवी एक पाय आत. त्याने वेळ वाचतो, आणि बॅटरही आपल्या जागेपासून तुटत नाही.

दुसऱ्या बाजूचं घड्याळही मुलींना सांगून ठेवा. पिचरला चेंडू मिळाल्यापासून, किंवा अंपायरने खेळ सुरू केल्यापासून, पुढची पिच टाकायला २० सेकंद असतात. ते उलटले तर बॅटरला एक बॉल मिळतो. म्हणजे बॅटरने निम्म्या वेळात आवरायचं आणि उरलेला निम्मा पिचरला द्यायचा, असा हा हिशोब आहे. अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये २०२३ साली पिच क्लॉक आलं, त्यात घड्याळावर ८ सेकंद उरले असताना बॅटरची नजर पिचरकडे लागलेली असलीच पाहिजे, नाहीतर स्ट्राइक. तेव्हा बेसबॉलवाल्यांनी केवढा गहजब केला! वेळेत तयार न होणाऱ्या बॅटरला स्ट्राइक देण्याची तरतूद सॉफ्टबॉलच्या पुस्तकात त्याआधीपासून होती. आम्हीच ती लावायला संकोचत होतो.

प्रश्न : आमची पिचर हात एकत्र आणून थांबली होती. हात सुटून वाइंडअप सुरू झाला आणि बॅटरने एक हात वर केला. पिचर गोंधळून मध्येच थांबली. समोरच्या कोचने इल्लीगल पिचची, म्हणजे चेंडू नियमबाह्य टाकल्याच्या निकालाची, मागणी केली, अंपायरने दिली नाही, पण आमचं म्हणणंही ऐकलं नाही. फक्त "पुन्हा टाका" म्हणाले. नेमकं बरोबर कोण? – एक प्रशिक्षक

अंपायर.

बॅटरने हात वर केला म्हणजे तिला "टाइम" मिळाला, असं होत नाही. ती फक्त मागणी. ती मान्य करायची की नाही, हे अंपायरच्या हातात, आणि पिचरचा वाइंडअप सुरू झाल्यावर त्याने "टाइम" द्यायचाच नाही. तेव्हा त्या क्षणी बॅटरचा हात वर करणं चुकीचं. पण पिचरने मध्येच थांबणंही चुकीचं, कारण सुरू केलेली पिच तिने पुरी करायला हवी. यूएसए सॉफ्टबॉलच्या आणि अमेरिकी शालेय पुस्तकांत याचा स्पष्ट उलगडा आहे: बॅटर बाहेर गेली किंवा तिने हात वर केला आणि त्यामुळे पिचर अडखळली, तर दोघींकडूनही नियम मोडला गेला असं धरायचं, इल्लीगल पिच द्यायची नाही, सगळं पुन्हा सुरू करायचं.

तुमच्या पिचरला मात्र एक सवय लावा. एकदा हात सुटला की बॅटर काय करते हे बघायचं नाही, चेंडू टाकायचा. अंपायरने "टाइम" दिलेला नसताना बॅटर सरळ बाहेर निघून गेली आणि तुमच्या पिचरने टाकला, तर तो बॉल किंवा स्ट्राइक म्हणून मोजला जातो. काही बॅटर हे मुद्दाम करतात, पिचरची लय मोडायला. मुद्दाम केलं अशी अंपायरची खात्री झाली तर तो कडक बोलेल, पण तोपर्यंत तुमच्या पिचरची लय गेलेलीच असते. सरावात बॅटरला अशी नाटकं करायला लावा आणि पिचरला ती न बघता टाकायला शिकवा. एक-दोन सरावांत अंगवळणी पडतं.

आणि खरोखरच डोळ्यात धूळ गेली असेल तर बॅटरने काय करायचं? पिचर हात वेगळे ठेवून सिग्नल बघत असतानाच, किंवा त्याही आधी, हात वर करून मोठ्याने "टाइम!" म्हणायचं. आणि अंपायरने दोन्ही हात वर करून खेळ थांबवेपर्यंत बॉक्समधून हलायचं नाही. नुसता हात वर केला तर आम्हाला तो दिसतोच असं नाही. आम्ही कॅचरच्या खांद्यावरून बघत असतो, आणि बॅटरचा मागचा हात आमच्या नजरेच्या कडेला असतो.

प्रश्न : मी पुरुषांच्या संघात पिचर आहे. हात एकत्र आणल्यावर कधी २ सेकंद, कधी जवळजवळ ५ थांबतो. बॅटर वैतागतात. एकाने तर "हे खेळाडूपणाला धरून नाही" असं सुनावलं. यात गैर आहे का? आणि दुसरं, माझा मागचा पाय जमिनीवरून उचलला जातो, ते चालतं का?

पहिल्याचं उत्तर: अजिबात गैर नाही. कमीत कमी आणि जास्तीत जास्त अशी मर्यादा पुस्तकानेच दिली आहे. मधला वेळ तुमचा. बॅटरला एकाच तालावर बॅट उचलायची सवय लागली की त्याला झुलवणं हे पिचरचं काम आहे. माझा आक्षेप तिसऱ्याच गोष्टीला आहे. २ सेकंदांच्या जवळ जाणारे पिचर थोड्याच वेळात दीडवर येतात, मग एकवर, आणि सहाव्या इनिंगला हात एकत्र येतात न येतात तोच हाताचं चक्र सुरू झालेलं असतं. आणि ते सगळं "मी तर थांबलो" अशा पूर्ण विश्वासाने. आपलं एक सेकंद किती लांबीचं आहे हे दमलेल्या माणसाला कळत नाही. मोबाइलवर चित्रण करून पहिल्या आणि शेवटच्या इनिंगमधले थांबे मोजून बघा. ५ सेकंदांच्या वरही जाऊ नका, तीही इल्लीगल पिचच.

थांबताना हात स्थिर हवेत, हेही लक्षात ठेवा. ग्लव्हमध्ये पकड बदलताना बोटं हलतात, त्याला कोणी काही म्हणत नाही. पण हात छातीपासून कमरेपर्यंत हळूहळू सरकत असतील, तर माझ्या हिशोबी तो थांबा सुरूच झालेला नाही.

दुसऱ्याचं: पुढे झेप घेताना मागचा पाय हवेत जाणं, ज्याला लीप म्हणतात, ते आंतरराष्ट्रीय पुरुषांच्या खेळात फार पूर्वीपासून चालत आलं आहे. चालत नाही ते क्रो हॉप, म्हणजे पिचिंग प्लेटवरून उडी मारायची, मागचा पाय प्लेटच्या पुढे पुन्हा जमिनीवर टेकवायचा, आणि तिथून नव्याने जोर घेऊन चेंडू सोडायचा. त्यात तुम्ही पुरुषांच्या ४६ फुटांतले तीन-चार फूट फुकट खाता. नुसत्या डोळ्यांनी दोन्हींतला फरक ओळखणं अवघड असतं. अंपायर पायाच्या खुणेवरून ओळखतात: लीप करणाऱ्याचा पाय मातीत ओढला जाऊन रेघ उमटते किंवा खूणच राहत नाही, क्रो हॉप करणाऱ्याच्या पायाखाली प्लेटच्या पुढे एक ठसठशीत खड्डा पडतो. सामन्यानंतर जाऊन आपला खड्डा कुठे पडला आहे ते बघा. प्लेटला लागून असेल तर काळजी नको.

तुम्ही विचारलं नाही, पण पुरुषांच्या सामन्यांत दिसतं म्हणून सांगते. विंडमिल, म्हणजे हात गोल फिरवून, टाकताना तो दीड फेऱ्यांपेक्षा जास्त फिरवता येत नाही. चेंडू सोडताना हात कमरेच्या खाली हवा, आणि मनगट कोपरापेक्षा शरीरापासून लांब जाता कामा नये. बॅटरला दचकवायला हाताची आणखी एक गिरकी देणारे पूर्वी असत. आता ते प्रदर्शनी सामन्यांपुरतं ठेवा.

प्रश्न : आमची डावखुरी बॅटर चेंडू सुटायच्या आधीच पिचरच्या दिशेने चालायला लागते आणि चालता चालता मारते. हे नियमात बसतं? समोरचे म्हणतात, तिने जागेवर उभं राहायला हवं.

बसतं. याला स्लॅप म्हणतात, आणि डावखुऱ्या चपळ मुलींचं ते मोठं हत्यार आहे. पिच येण्याआधी दोन्ही पाय बॉक्सच्या रेषांच्या आत हवेत, रेषा बॉक्समध्येच धरतात. त्यानंतर तिने आतल्या आत कितीही पावलं टाकावीत. बॉक्स फास्ट पिचमध्ये ३ फूट रुंद आणि ७ फूट लांब असतो, आणि त्यातले ४ फूट होम प्लेटच्या मध्यापासून पिचरच्या दिशेला असतात, तेव्हा चालायला जागा आहे. बॅट चेंडूला लागते त्या क्षणी तिचा एखादा पाय जमिनीवर टेकलेला आणि पूर्णपणे बॉक्सबाहेर असेल, तर ती आउट. चेंडू फेअर गेला की फाउल याने फरक पडत नाही. पाय हवेत असेल तर त्याची जागा बघायची नसते. होम प्लेटवर पाय ठेवून मारला तरी आउट.

तिसऱ्या इनिंगपर्यंत बॉक्सची पुढची रेषा पुसली जाते, आणि मग दोन्ही कोच आपापल्या सोयीची रेषा डोळ्यांसमोर आणून भांडतात. इनिंगच्या मध्ये चुना मारायला सांगा.

प्रश्न : पिचर समोर उभा असताना बॅटर उजव्या बॉक्समधून डाव्यात गेला तर?

पिचर प्लेटवर येऊन सिग्नल घेत असेल, किंवा घेताना दिसत असेल, आणि तेव्हा बॅटरने कॅचरच्या पुढून पलीकडे उडी मारली, तर तो आउट. त्याआधी खुशाल जा.

प्रश्न : माझी मुलगी खेळते, मी बघायला जातो. "नो पिच" आणि "इल्लीगल पिच" यांत काय फरक, हे मला कोणीच धड सांगितलेलं नाही. एकदा तर समोरच्या बॅटरने चेंडू कुंपणापार मारला आणि अंपायरने तोही रद्द केला. आमच्या बाजूने टाळ्या वाजल्या, पण का वाजवल्या ते मला कळलं नाही.

टाळ्या वाजवल्यात ते बरं केलंत.

इल्लीगल पिच ही पिचरची चूक. थांबा न घेणं, क्रो हॉप, चेंडूला काहीतरी लावणं, चेंडू हातात नसताना प्लेटवर उभं राहणं वगैरे. अंपायर डावा हात आडवा सरळ धरतो, पण खेळ लगेच थांबवत नाही, कारण बॅटरला त्याच चेंडूवर फायदा मिळू शकतो. तिने मारला, ती सुखरूप पहिल्या बेसवर पोहोचली आणि बाकीच्या रनरही (बेसवर आधीच पोहोचलेल्या खेळाडू) निदान एक-एक बेस पुढे गेल्या, तर ती इल्लीगल पिच विसरून जायची, जे घडलं तेच कायम. तसं झालं नाही तर बॅटरला एक बॉल मिळतो. रनरना एक बेस पुढे द्यायचा का, यात पुस्तकापुस्तकात फरक आहे, म्हणून मी इथे एकच उत्तर देत नाही. चेंडू मारून काहीच साधलं नसेल तर बॅटरच्या कोचला शिक्षा घ्यायची की निकाल घ्यायचा, असा पर्यायही असतो.

नो पिचमध्ये मात्र तो चेंडू टाकलाच गेला नाही, असं मानायचं. बॉल नाही, स्ट्राइक नाही, धाव नाही. क्विक पिच वर आलीच. खेळ थांबलेला असताना टाकलेला चेंडू, किंवा फाउलनंतर रनर आपल्या बेसवर परतलेली नसताना टाकलेला, हेही त्यातच. आणि तुम्ही पाहिलंत ते बहुधा यातलं चौथं. सॉफ्टबॉलमध्ये पिचरच्या हातून चेंडू सुटेपर्यंत रनरने बेसला चिकटून राहायचं असतं. एखादी अर्ध्या पावलाने आधी निघाली तर ती आउट, चेंडू डेड आणि नो पिच. त्याच चेंडूवर बॅटरने मारलेला होम रन गेला वाऱ्यावर! समोरच्यांचा होम रनही गेला आणि वर एक रनरही आउट झाली, म्हणून तुमच्याकडे टाळ्या वाजल्या.

बेसबॉल बघणाऱ्यांना हे खटकतं, कारण तिथे रनर आधीच दोन-चार पावलं सरकून उभे असतात. सॉफ्टबॉलमध्ये बेस ६० फुटांवर आहेत. आधी निघायची मुभा दिली तर कॅचरने दुसरा बेस वाचवायचा कसा?

प्रश्न : आमची पिचर सिग्नल कॅचरकडून घेत नाही, डाव्या मनगटावरच्या पट्टीत छापलेला तक्ता बघते आणि तिथूनच थेट टाकते. चालेल?

तक्ता बघायला हरकत नाही, डाव्या हातावर आहे आणि ती उजव्याने टाकते तोवर. टाकणाऱ्या हाताच्या मनगटावर पट्टी नको. पण तक्ता बघून झाल्यावर तिने प्लेटवर, हात वेगळे ठेवून, कॅचरकडे सिग्नल घेतल्यासारखी नजर टाकायलाच हवी, आणि मगच हात एकत्र. "तिथूनच थेट" हे जे तुम्ही लिहिलंय, त्यावर इल्लीगल पिच मिळेल. तक्ता प्लेटवर येण्याआधी, वर्तुळात मागे उभं राहूनच वाचायला सांगा. २० सेकंदांत ते आरामात होतं.